पॅटनच्या डाव्या कुशीतलं भोक

लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त होऊन मी पुण्यात घरी आलो तेव्हा शेजाऱ्यांनी माझ्यासाठी दोन कामं ठरवून ठेवली होती. एक भोसरीच्या कारखान्यात सुरक्षा अधिकाऱ्याचं आणि दुसरं आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीचं. दोन्ही नाकारून मी मोडके रणगाडे बघत हिंडू लागलो. छावण्यांच्या चौकात चौथऱ्यावर उभे केलेले, भंगारात गंजत पडलेले, सरावाच्या मैदानावर निशाण म्हणून ठेवलेले. बायको कॉलेजात शिकवत होती, म्हणून घर चालत होतं. लोकांनी विचारलं की ती सांगायची, "हे रणगाड्यांचा इतिहास लिहितात." हे ती इतक्या सहजपणे सांगायची की ऐकणाऱ्याला पुढचा प्रश्न सुचत नसे.

मला मात्र या कामाबद्दल कधी शंका वाटली नाही. पंचवीस वर्षं मी चिलखती दलात काढली, दोन युद्धं पाहिली, नगरला तरुण अधिकाऱ्यांना रणगाड्यांची लढाई शिकवली. एवढ्या काळात एक गोष्ट लक्षात आली होती. माणसं लढाई जशी आठवतात तशी ती झालेली नसते, पण लोखंडावर उठलेली खूण खोटं बोलत नाही. कोणता गोळा कुठून आला, कुठे आपटला, कुठे आत शिरला, हे पत्र्यावर हात फिरवून कळतं. माझं पुस्तक मला अशा खुणांवरून लिहायचं होतं.

अशाच एका खुणेमुळे मी कोकणात उतरलो. सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती, आणि महिना डिसेंबरचा होता.

शिरोडा

कोल्हापूरहून आंबोलीचा घाट उतरलो. वर धुक्यात कानटोपी घालून बसलेला मी सावंतवाडीला पोचेपर्यंत शर्टाच्या बाह्या दुमडून बसलो होतो. शिरोड्याच्या स्टँडवर माझा जुना तोफची यशवंत रेडकर उभा होता. गावात त्याला बाबली म्हणतात. कमरेला पंचा, अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल, आणि तरीही त्याने टाचा जुळवून असा कडक सलाम ठोकला की एस.टी.चा कंडक्टर तिकिटांची पेटी सावरून बाजूला झाला.

पासष्टच्या युद्धात आम्ही दोघं एकाच रणगाड्यात होतो. मी तीन रणगाड्यांच्या तुकडीचा प्रमुख, वयाने कोवळा लेफ्टनंट. बाबली माझ्या गुडघ्यांपाशी तोफेच्या दुर्बिणीला डोळा लावून बसलेला. पंजाबच्या सीमेवर एका संध्याकाळी उसातून शत्रूचा पॅटन रणगाडा बाहेर आला. आमचे जुने शर्मन त्याच्यापुढे खेळण्यातले वाटावेत असा तो होता. बाबलीने गोळा झाडला, ठिणगी उडाली आणि जरा वेळाने पॅटन जागीच थांबला. तो आम्ही मारला असं सगळ्यांनी धरलं. माझ्या छातीवर पदक आलं. बाबली पुढे दफादार होऊन गावी परतला तेव्हा शिरोड्याने त्याची मिरवणूक काढली. तेव्हापासून तो टँकवालो बाबली. शाळेतलं झेंडावंदनही दरवर्षी त्याच्याच हातून.

त्याचं घर माडांच्या बागेत, समुद्राची गाज ऐकू येईल इतक्या अंतरावर. पारूवहिनीने, म्हणजे बाबलीच्या बायकोने, उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी असं ताट समोर ठेवलं. आमच्याकडे पुण्यात पाहुणा आला की चहाबरोबरच कामाचं विचारून घेतात. इथे माझं जेवण झालं, पान झालं, ओटीवर डुलकी काढून झाली, तरी कशाला आलात हे कोणी विचारलं नाही. मीही म्हटलं, उद्या सांगू.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बाबली मला किनाऱ्यावर रापण ओढायला घेऊन गेला. रापण म्हणजे समुद्रात लांबवर टाकलेलं प्रचंड जाळं. निम्मा गाव दोन्ही टोकांचे दोर धरून ते किनाऱ्याकडे खेचतो. मीही दोर धरला. सैनिकाला दोर ओढणं काय शिकवायचं, अशा तोऱ्यात पाय रोवले आणि पुढच्याच लाटेने मला आडवा केला. उठलो तेव्हा नाकावर चष्मा नव्हता. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. जाळं वर आलं तेव्हा तारल्यांच्या चकाकत्या ढिगात एका म्हातारीला माझा चष्मा सापडला. तिने तो पंच्याला पुसून माझ्या हातात दिला आणि वर माशांचा वाटाही दिला. दोर धरणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळतो. पडलेल्यालाही.

न्याहारीला घावणे आणि नारळाचा रस होता. ताटं उचलल्यावर ओटीवर बसून मी विषय काढला.

सांगितलं ते असं. उत्तरेतल्या एका छावणीच्या चौकात मला तो पॅटन सापडला. तोफेच्या फिरत्या बुरुजावरचा पांढरा आकडा जुनाच होता, आणि तो आकडा मी जन्मात विसरणार नव्हतो. समोरच्या चिलखतावर आमच्या गोळ्याची खूण होती, पण ती नुसती खळगी. गोळा आत शिरलाच नव्हता, आपटून उडून गेला होता. खरं भोक होतं पॅटनच्या डाव्या कुशीत. रंगाचे थर चढले होते, तरी माझी तीन बोटं आत गेली.

पॅटनचं तोंड आमच्याकडे होतं. म्हणजे त्याची डावी कूस आमच्या उजव्या हाताला. आणि उजवीकडे कालव्याच्या बांधाआड मी आमचा तिसरा रणगाडा पाठवला होता. त्यावरचा तोफची होता भिकाजी राऊत, खारेपाटणचा. त्याच संध्याकाळी, काही मिनिटांतच, दुसऱ्या एका पॅटनने तो रणगाडा जाळला. आतल्या पाचांपैकी कोणी बाहेर आलं नाही. आम्ही पॅटन मारला असं आम्ही म्हणालो तेव्हा नाही म्हणायला त्या बाजूचं कोणी उरलंच नव्हतं.

"तो पॅटन आपण मारला नाही, बाबली," मी म्हटलं. "मी पुस्तकात तसं लिहिणार आहे. छापून आल्यावर तुला दुसऱ्याकडून कळायला नको, म्हणून आलो."

बाबली आधी हसला. मग माझ्याकडे नीट बघून हसायचा थांबला. उठून मागे बागेत गेला आणि माडांना पाणी सोडत बसला. दुपारी मुकाट्याने जेवला.

पारूवहिनी मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. तिने मला सरळ विचारलं, "इतकी वर्सां गाव ह्येंका टँकवालो बाबली म्हणता. उद्या काय म्हणाचा?"

मी म्हटलं, तो टँकवाला आहेच. पॅटनसमोर शर्मन घेऊन उभा राहायला छाती लागते, आणि तो उभा राहिला.

"तां तुमी पुण्यात सांगा," ती म्हणाली आणि आत गेली.

तिचा राग मला समजत होता. त्या श्रेयात माझाही वाटा होता, आणि माझं पदक पुण्यात काचेच्या कपाटात होतं. पण लिहायचं की नाही हा प्रश्न माझ्यापुढे नव्हताच. जे झालं ते झालं तसं लिहायचं, एवढ्यासाठी तर मी दोन चांगल्या नोकऱ्या सोडल्या होत्या. काळजी होती ती फक्त बाबलीची. हा माणूस आता माझ्याशी बोलणार आहे की नाही, हे मला कळत नव्हतं.

आरोंदा

सकाळी तोच म्हणाला, आरोंद्याक जावया, तिसऱ्या आणूच्या आसत. तिसऱ्या म्हणजे खाडीच्या चिखलात मिळणारे शिंपले. आरोंद्याला त्याची धाकटी बहीण दिली आहे. तिच्या घरामागेच तेरेखोलची खाडी. पाणी इतकं शांत की पलीकडच्या गोव्यातले माड त्यात उलटे उभे होते. बहिणीने चहा दिला, शिंपल्यांची टोपली भरून ठेवली. आम्ही दोघं काठावरच्या वाळूत जाऊन बसलो.

बाबली उठून मांगरामागून, म्हणजे खोपटामागून, नारळाच्या करवंट्या घेऊन आला. माझ्यासमोर टाकल्या.

"माका मांडून दाखवा," तो म्हणाला.

मी मांडलं. ही करवंटी आपली. ही मागची, दुसऱ्या रणगाड्याची. ही उजवीकडे बांधाआड, भिकाजीची. समोर पॅटन म्हणून एक काळा दगड. बाबलीने दगड उचलून थोडा मागे ठेवला, थोडा तिरका केला. मी सांगितलं होतं त्याहून त्याची आठवण बारीक होती हे खरं, पण त्याला मला हरवायचं होतं. त्याने विचारलं, पॅटन वळला असेल तर? वळून त्याने आपल्याला डावी कूस दाखवली असेल तर? मी म्हटलं, मग समोरची खळगी कुठून आली? आपण एकच गोळा झाडला. एका गोळ्याच्या दोन खुणा होत नाहीत. त्याने विचारलं, भोक लढाईनंतरचं असेल, कोणी सरावासाठी गोळा मारला असेल? मी म्हटलं, भोकाच्या आतल्या बाजूला जळाल्याच्या खुणा आहेत, तेव्हाच्याच. त्याने आणखी दोन-तीन शंका काढल्या. मी एकेकीचं उत्तर दिलं. वर्गात कोणत्याही तरुण अधिकाऱ्याने मला इतकं घामाघूम केलं नव्हतं.

खाडीतून एक होडी जाऊन तिच्या लाटा काठाला लागल्या.

"एक गोष्ट मिया कोणाक सांगूक नाय," तो म्हणाला. "माजो गोळो लागलो, ठिणगी उडाली. पण तेच्या तोफेचा तोंड फिरतच होता. उजवीकडे, भिकाजीच्या अंगाक. माका वाटला, मरताना फिरता."

रणगाडा मरताना फिरत नाही हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं. बुरूज फिरत होता म्हणजे आतली माणसं जिवंत होती, आणि त्यांना उजवीकडे कोणीतरी दिसलं होतं. एवढा एकच दुवा माझ्याकडे नव्हता. तो बाबलीने स्वतःच्या हाताने माझ्या पदरात टाकला.

त्याने दगड उचलला, भिकाजीच्या करवंटीसमोर ठेवला.

"मगे तो भिकाजीचोच," तो म्हणाला. "तेच्या घरच्यांक सांगूक व्हया. आनी तां तुमी नाय. मिया सांगतलंय."

संध्याकाळी घरी त्या तिसऱ्यांचं सुकं झालं. पारूवहिनीने ते मला दोनदा वाढलं, तेव्हा नवरा-बायकोत काय बोलणं व्हायचं ते होऊन गेलं असणार असं मी समजलो. दुसऱ्या दिवशी निघताना तिने बाबलीला इस्त्रीचा सदरा काढून दिला आणि सोबत एक नारळ. कोणाच्या दारी रिकाम्या हाताने जाऊ नये, एवढंच म्हणाली.

मालवण

खारेपाटणला जाताना एक मुक्काम मालवणला केला, तो माझ्या हट्टामुळे. इथवर येऊन सिंधुदुर्ग न बघता जाणं रणगाड्यांच्या इतिहासकाराला शोभलं नसतं. होडीतून किल्ल्याकडे जाताना दरवाजा कुठे आहे ते अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. दोन बुरुजांच्या कुशीत तो असा दडवला आहे की समुद्रावरून तोफ थेट त्यावर लागू नये. मी बाबलीला म्हटलं, आमच्या नगरच्या शाळेत हेच शिकवतात. जाड अंग पुढे कर, पातळ अंग लपव. तो पॅटनवाला हे विसरला आणि कूस उघडी टाकून मेला.

"तो विसारलो नाय," बाबली म्हणाला. "तेचो डोळो आमच्यावर होतो. आमी समोर होतो म्हणान भिकाजीक कूस गावली."

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं असं नाही, पण इतक्या थोड्या शब्दांत मला ते मांडता आलं नसतं. पुस्तकात मी ते त्याच्या नावानिशी घातलं आहे. तटावरून उतरताना त्याची चाल शिरोड्यापेक्षा मोकळी झाली होती. खानावळीत सुरमईचं जेवण समोर आलं तेव्हा तो म्हणाला, सव्वीस जानेवारीला शाळेत तो स्वतःच सगळं सांगणार. पुढे त्याने तसं सांगितलंही. गावात आठवडाभर चर्चा झाली, दोघा-तिघांनी तोंडं वाकडी केली आणि पंधरा ऑगस्टला झेंड्याचा दोर पुन्हा त्याच्याच हातात दिला.

खारेपाटण

खारेपाटण हे नदीकाठचं जुनं बाजाराचं गाव. एके काळी गलबतं इथवर माल घेऊन येत. आता नदी गाळाने भरली आहे, आणि व्यापार उरला आहे तो रस्त्याचा. भिकाजीचे आईवडील कधीच गेले होते. घरात बहीण होती, यमुनाताई. प्राथमिक शाळेत शिक्षिका, लग्न न केलेली, पन्नाशीला टेकलेली. घर उंचावर, शेणाने सारवलेल्या अंगणाचं. आम्ही गेलो तेव्हा ती शाळेतून नुकतीच आली होती.

मी लष्करातला अधिकारी म्हटल्यावर ती माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलू लागली. बसा, पाणी घ्या, कुठून येणं झालं. मी ओळख सांगितली. भिकाजी माझ्या तुकडीत होता म्हटल्यावर तिचा हात तांब्यावरच थांबला. ती म्हणाली, तो गेल्यावर पलटणीतून एक रिसालदार आले होते. चांगले गृहस्थ. त्यांनी सांगितलं की रणगाड्याला आग लागली, आतल्यांना काही करायला वेळच मिळाला नाही.

"बाबा जाईपर्यंत तेच म्हणत राहिले," ती म्हणाली. "पोर गेलं, ते देशाचं होतं. पण हात न उचलता गेलं. दर गणपतीत त्यांना हे आठवायचं."

रिसालदाराने खोटं सांगितलं नव्हतं. त्याला तेवढंच माहीत होतं, आम्हालाही तेवढंच माहीत होतं. मी बाबलीकडे बघितलं. तो उठून उभा राहिला. नारळ अजून त्याच्या हातातच होता. तो त्याने तिच्यापुढे ठेवला आणि जुन्या सवयीने टाचा जुळवल्या.

"बाय, तेना हात उचललेलो," तो म्हणाला. "शत्रूचो टँक तुज्या भावान फोडल्यान. मिया नाय. इतकी वर्सां लोक माजा नाव घेयत, तां चुकीचा. तेनाच फोडल्यान, आनी मगे तो गेलो."

तिने माझ्याकडे बघितलं. मी होय म्हटलं. पॅटनच्या कुशीतलं भोक, समोरची खळगी, कालव्याचा बांध, सगळं थोडक्यात सांगितलं. ती ऐकत होती, पण माझं बोलणं तिला फारसं नको होतं. माझं संपल्यावर ती बाबलीकडे वळली आणि तिची पुस्तकी मराठी गळून पडली.

"परत सांग," ती म्हणाली.

बाबलीने परत सांगितलं. या वेळी सावकाश. पॅटन उसातून कसा आला, त्याच्या तोफेचं तोंड भिकाजीकडे कसं फिरत होतं, आणि भिकाजीला नेम धरून झाडायला फार तर एक श्वास घेता येईल एवढाच वेळ कसा मिळाला असेल.

"किती लांब होतो?" तिने विचारलं.

बाबली दारात गेला. खाली नदीवर हमरस्त्याचा पूल होता आणि त्यावरून एक मालट्रक सावकाश पलीकडे जात होता. त्याने हात लांब केला.

"हयसून त्या पुलाइतको."

ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "उभो होतो, काय चलत होतो?"

"चलत होतो."

ट्रक पूल ओलांडून झाडांआड जाईपर्यंत ती बघत राहिली. मग कोणाकडेही न बघता म्हणाली, "लहान असताना तेका दगडान आंबो पाडूक जमत नाय होतो. मिया पाडून देयत होतंय."

ती हसली. हसता हसता तिने पदर तोंडाला लावला आणि उंबऱ्यावरच बसली. बाबलीही तिच्यापासून हातभर अंतर ठेवून उंबऱ्याखालच्या पायरीवर बसला. मी आत खुर्चीवर होतो तिथेच राहिलो. थोड्या वेळाने ती उठली, डोळे पुसले, चूल पेटवली आणि बाबलीला म्हणाली की भात व्हायला वेळ लागेल, तोवर भिकाजीचं अजून काही आठवत असेल तर सांग. लढाईचं नको, असंच काहीतरी.